वोफा याव यांचा डावा हात

आमच्या घानातल्या कुमासीत घाणीचं नाव घ्यायच्या आधी माणूस 'सेबे' म्हणतो. म्हणजे, तोंडाची क्षमा असावी, पुढे येतंय ते ऐकण्यासारखं नाही. रोगी डॉक्टरला 'सेबे' म्हणून जुलाब सांगतो, साक्षीदार न्यायाधीशाला 'सेबे' म्हणून शेजाऱ्याने घातलेली शिवी सांगतो. आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत संडासाचीच आहे. दर वाक्याला सेबे म्हणत बसलो तर गोष्ट बाजूलाच राहील. म्हणून सगळ्या वाक्यांचं मिळून एकदाच, ठोक भावात म्हणून टाकतो: सेबे. जेवत असाल तर आधी उरकून घ्या.

शाळेचं नाव मात्र सांगणार नाही. आमचे माजी विद्यार्थी लंडनला आहेत, टोरांटोला आहेत, शाळेचं गीत लागलं की दुसऱ्या कडव्याला त्यांचे डोळे भरून येतात. त्या पाण्याचं कारण बदलावं अशी माझी इच्छा नाही. मी त्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवतोय.

वोफा याव माझ्याही आधीपासूनचे. वोफा म्हणजे मामा. सख्खं एकही भाचरू नसलेला हा माणूस बाराशे मुलामुलींचा मामा होता. कागदोपत्री हुद्दा: स्वच्छता कामगार, श्रेणी दोन. श्रेणी एकचा माणूस मी कधी पाहिला नाही. तो काय साफ करतो, हेही मला कुणी सांगू शकलं नाही.

उंच, वाळलेला, खाकी अर्धी चड्डी, आणि चाल अशी की शाळा त्यांची आणि हेडमास्तर भाडेकरू. पण पहिल्यांदा डोळ्यांत भरायचे ते त्यांचे हात. झाडू डाव्या हातात, बादली डाव्या हातात, फिनेलचा डबा डाव्याच हातात. उजवा हात कायम पाठीमागे, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या ठेवीसारखा. तो हात जेवायचा, माणसांशी हात मिळवायचा, देण्याघेण्याचा. डावा हात पुढे करून वस्तू देणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर थुंकणं. लहान मुलाने तसं केलं तर टपली बसते, मोठ्याने केलं तर भाऊबंद जमवून बैठक बसवतात. वोफा तर इतके काटेकोर, की कुणी पत्ता विचारला आणि डाव्या हाताने दिशा दाखवावी लागली, तर आधी त्या हाताबद्दल क्षमा मागायचे. तेहतीस वर्षं त्यांनी एका हाताने शाळा झाडली.

त्र्याऐंशी साली रानं जळाली, मका करपला, तेव्हा एकोणीस वर्षांचे वोफा गाव सोडून कुमासीला आले. काम मिळालं ते घरोघरच्या संडासांतली टोपली उचलायचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, आणि रस्ता मोकळा. कुणी आडवं येत नसे. लग्न ठरवताना सासूने विचारलं, "मुलगा कुठे असतो?"

"नगरपालिकेत," मध्यस्थ म्हणाला.

"नगरपालिकेत काय करतो?"

"डोक्याने काम करतो."

सासू खूश. खरं कळेपर्यंत दोन मुलं झाली होती. बायको, एनो पोकुआ, हिला मात्र पहिल्यापासून माहीत होतं. तिने एकच अट घातली: चपला अंगणाबाहेर, आंघोळ मागच्या दारी, आणि कामाची गोष्ट जेवताना नाही. पुढे ती टोपली बंद झाली, नि वोफा आमच्या शाळेत लागले. एनो पोकुआला वाटलं, सुटलो. तिने मुलींचा संडास पाहिला नव्हता.

तो मी पाहिलाय, म्हणून सांगतो. होस्टेलच्या मागे खड्ड्यावर बांधलेली एक लांबट खोली. बारा भोकं. त्यांतली सात खचल्यामुळे फळ्या मारून बंद केलेली. उरलेली पाच, सहाशे मुलींना. भिंतींना खालून वर एक तपकिरी ओल चढलेली, ती पावसाळ्यात हाताला चिकटते. कोपऱ्यात वापरलेल्या कागदांचा ढीग, आणि तो ढीग हलतो. हलतो म्हणजे वाऱ्याने नव्हे. झुरळं इतकी धीट, की दिवा लावला तर पळत नाहीत, दिवा कोणी लावला ते बघायला येतात. वासाबद्दल एवढंच सांगतो: नाकाने घेतला तर डोळ्यांतून पाणी येतं, तोंडाने घेतला तर चव कळते. मुली आत जाण्याआधी गणवेश काढून बाहेर खुंटीला टांगतात आणि एक जुनेर गुंडाळतात, कारण त्या वासाला कापड आवडतं. छाती भरून श्वास घेऊन आत जायचं आणि तोच श्वास घेऊन बाहेर यायचं. महिन्याच्या चार दिवसांत तर कित्येक मुली घरीच पळतात, आणि आम्ही हजेरीपटावर 'ताप' असं लिहितो. मीही लिहिलंय. बावीस वर्षं हा ताप नेमका महिन्याने कसा येतो, हे गणिताच्या मास्तराला कळू नये!

कळलं ते फोसुआमुळे. उच्च माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, वर्गसमीकरणं अशी सोडवायची की खडू तिला घाबरायचा. एके दिवशी दुपारी फळ्यापाशी उभी असताना, बरोबर उत्तराच्या एक ओळ आधी, खाली कोसळली. मला वाटलं, गणित. बाहेर वोफा झाडत होते, ते धावत आले. उजव्या हाताने तिच्या तोंडावर पाणी मारलं.

"काही नाही मास्तर. सकाळपासून पाणी नाही प्यायली पोरगी."

"का?"

"प्यायली तर, सेबे, जावं लागेल ना. कुणीच पीत नाही. तुम्ही फळ्याकडे बघता, मी नळाकडे बघतो. बाराला सुट्टी होते, एवढं ऊन, आणि मुलींच्या नळावर एक चिटपाखरू नसतं. ही काय शाळा आहे? उंटांना ट्रेनिंग देताय काय?"

वोफांनी फोसुआला बसतं केलं आणि म्हणाले, "पुढच्या जुलैत मला साठ पूर्ण. त्याआधी पोरींना नवं बांधून घेतो. नाहीतर मी इथे नुसती घाणच केली म्हणायची."

आता नवं बांधायचं म्हणजे काय करायचं, हे सगळ्या कुमासीला ठाऊक आहे. शाळा सोडून पंचवीस वर्षं झालेली बॅच त्या वर्षीच्या बक्षीस समारंभाची यजमान असते. सगळे एकाच छापाचे कपडे शिवतात, बँड आणतात, आणि शाळेला एक वास्तू देतात. वास्तूवर संगमरवरी पाटी, पाटीवर बॅचचं नाव. या पाटीपायी आमच्या शाळेला तीन फाटकं आहेत आणि कुंपण एकाच बाजूला आहे. एका बॅचने गरुड दिलाय, सिमेंटचा. पावसाने त्याची चोच गेल्यापासून तो कोंबडीसारखा दिसतो. एकाने कारंजं दिलंय. त्यात पाणी आलेलं मी पाहिलं नाही, पण पाटी रोज पुसली जाते. वोफांच्या डाव्या हाताने.

त्या वर्षी नव्याण्णव सालची बॅच होती. ऑक्टोबरात त्यांची समिती आली. अध्यक्ष म्हणजे वकील ओफोसुहेने, पोटावर सोन्याची साखळी. चिटणीस मॅडम बिरागो, बाजारात कापडाचं मोठं दुकान, आवाजही दुकानाएवढा. हेडमास्तर अम्प्रातुम यांनी त्यांना खोलीत बसवलं. मी टिपणं घ्यायला. वोफा दाराशी, कुणी न बोलावता.

"आमच्या मनात एक कमान आहे," वकीलसाहेब म्हणाले. "भव्य. वर शाळेचं बोधचिन्ह, दोन्ही बाजूंना हत्ती."

"चौथं फाटक," मी लिहिता लिहिता म्हणालो.

"फाटक नाही मास्तर, कमान. फाटक बंद होतं."

"साहेब," दारातून आवाज आला, "सेबे, मुलींचा संडास."

हेडमास्तर म्हणाले, "वोफा, आत्ता नाही."

"आत्ता नाही तर कधी? जुलैनंतर मी नाही."

वकीलसाहेब शहाणे. रागावले नाहीत, समजावू लागले. "वोफा, गरज आहे, मान्य. पण पाटीचं काय? संगमरवरावर आमचं नाव, आणि खाली काय? अहो, अठ्ठ्याण्णवची बॅच काय म्हणेल? पोरी एकमेकींना सांगतील, 'नव्याण्णवला जाऊन येते.' क्लबात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. मॅडम बिरागो तेवढ्या हसत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या.

"वोफा याव? तुम्ही अजून इथेच?"

"मी आहे, मॅडम. तेही आहे."

"तेच? आमच्या वेळचं?"

"तेच." वोफांनी उजवा हात छातीवर ठेवला. "सेबे, मॅडम, सेबे दोनदा. पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही जे ठेवून गेलात, तेसुद्धा अजून तिथेच आहे. खड्डा कुणी उपसलाच नाही. नव्याण्णवचं नाव तिथे आधीपासूनच आहे, फक्त पाटी नाही."

मॅडम बिरागोंनी नाकाला रुमाल लावला. पंचवीस वर्षं जुना वास त्यांना तिथे, हेडमास्तरांच्या गुळगुळीत टेबलाशी आला असावा. मग त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "ओफोसुहेने, हत्ती तुझ्या घरी बांध. माझं ते इथे पंचवीस वर्षं पडलेलं मला चालणार नाही!"

हत्ती गेले. नावावर मात्र दोन तास वाद झाला. शेवटी पाटीवर काय कोरायचं ते ठरलं: 'नव्याण्णव बॅच आरोग्य व प्रतिष्ठा संकुल'. वोफांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. "एवढ्या नावात बसून होईल ना, मास्तर?" म्हणाले.

मार्चमध्ये संकुल उभं राहिलं. बारा खोल्या, गुलाबी फरशा, साखळी नको, नुसतं बटण दाबलं की पाणी. वर काळी टाकी, आत आरसे, हात धुवायची भांडी. बक्षीस समारंभाच्या दिवशी बँड वाजला, मुखियांनी जमिनीवर मद्य ओतून पूर्वजांना आवाहन केलं (पूर्वजांनी काय समजायचं ते समजले असतील), फीत कापली गेली. पाहुण्यांनी आरशासमोर फोटो काढले. वकीलसाहेबांनी तर बटण दाबून पाहिलं आणि टाळ्या घेतल्या. वोफा गर्दीच्या मागे, धुतलेलं कापड खांद्यावरून घेऊन, सासऱ्यासारखे उभे.

सोमवारी संकुलाला कुलूप लागलं. पितळेचं, तळहाताएवढं.

मी हेडमास्तरांना विचारलं. ते माणूस वाईट नाहीत. त्यांना शाळेच्या दर्शनी बाजूची काळजी आहे, एवढंच. त्यांच्या लेखी शाळेला दुसरी बाजू नाही.

"सर, मुली अजून जुन्यातच जातायत."

"बोआहेन, तुम्ही पाहिलंत ना किती सुंदर आहे? सहाशे मुली आत सोडल्या तर आठवड्यात घाण होईल."

"संडास आहे, सर."

"तेच म्हणतोय मी! उद्या तपासनीस आले, बिशप आले, तर त्यांना काय दाखवू? शिवाय दोन हजारची बॅच येतेय ऑक्टोबरात. हे बघितल्यावर ते याहून चांगलं काही देतील."

किल्ली वोफांकडे. पाहुणे आले की उघडायचं, गेले की लावायचं, आणि रोज सकाळी आतली धूळ पुसायची. शिक्षकांना परवानगी होती. मीही दोनदा गेलो. फरशा खरंच गार होत्या. बाहेर आलो तेव्हा दिसलं, पलीकडे जुन्या संडासाशी मुली रांगेत उभ्या होत्या, गणवेश खुंटीला, अंगावर जुनेर. आणि रांगेत फोसुआ. तिने मला बघितलं आणि मान खाली घातली. लाज तिला वाटली! माझ्या हाताला साबणाचा सुगंध येत होता. तिसऱ्यांदा मी गेलो नाही, पण त्याने मुलींना काय मिळालं?

जूनमध्ये एका सकाळी वोफा संकुलाच्या मागे ओणवे झालेले दिसले. ओकत होते. मी पाणी नेलं.

"काय खाल्लंत?"

"काही नाही." त्यांनी चूळ भरली. "मास्तर, एक्केचाळीस वर्षं झाली. डोक्यावर टोपलं फुटून, सेबे, कानात गेलंय माझ्या. मेलेलं कुत्रं काढलंय त्या खड्ड्यातून. पण कधी पोटातलं वर आलं नाही. आज ते भांडं पुसत होतो. पांढरंशुभ्र. कुणी बसलं नाही, काही नाही, नुसती धूळ. आणि पलीकडून पोरींचा आवाज येतोय, 'अगं लवकर आटप'. तेवढ्यात आलं बघा." त्यांनी त्या गुलाबी भिंतीकडे पाहिलं. "एवढी घाण मी उभ्या जन्मात साफ केली नाही."

जुलैचा शेवटचा शुक्रवार आला. शिक्षकांच्या खोलीत निरोप समारंभ. माल्टच्या बाटल्या, मीट पाय नावाची खिमा भरलेली पेस्ट्री, आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. उद्यापासून ज्याला कुठेच वेळेवर जायचं नाही, अशा माणसाला आम्ही नेमाने घड्याळ देतो. हेडमास्तरांनी भाषण केलं. 'स्वच्छता म्हणजेच शाळा' असं म्हणाले. हातातलं मीट पाय माझ्याच्याने खाववेना.

मग वस्तूंचा ताबा देणं. कारकून यादी वाचायचा, वोफा वस्तू पुढे करायचे, हेडमास्तर घ्यायचे.

"भांडाराची किल्ली." उजव्या हाताने दिली.

"प्रयोगशाळेची." उजव्या हाताने.

"कारंज्याच्या नळाची." उजव्या हाताने, थोडं हसून.

"आरोग्य व प्रतिष्ठा संकुल."

वोफांनी उजवा हात पाठीमागे नेला. आणि डावा पुढे केला. त्या तळव्यावर, तेहतीस वर्षांच्या फिनेलने पांढऱ्या पडलेल्या त्या कातडीवर, किल्ली.

मीट पाय चावणारे चावायचे थांबले. इतिहासाच्या बाई 'आई गं' म्हणाल्या. हेडमास्तरांचा हात अर्ध्यावर लटकला, पुढे जाईना, मागे येईना.

"वोफा," ते हळू म्हणाले, "हात चुकला."

"नाही, सर. तेहतीस वर्षांत एकदाही चुकला नाही."

"अहो, सगळ्यांसमोर... असं काय करताय?"

"ही किल्ली या हाताची आहे. घाणीचं सगळं मी याच हाताने उचलतो. घ्या."

घेतली तर अपमान घेतला, न घेतली तर ताबा अपुरा. हेडमास्तरांनी शेवटी कारकुनाकडे पाहिलं; कारकुनाने यादीकडे पाहिलं; यादीने कुणाकडे पाहावं? वोफांनी किल्ली टेबलावर ठेवली, मीट पायच्या ताटाला टेकून.

"आणि कुलूप?" हेडमास्तरांचा आवाज आता चढला होता. "कुलूपही यादीत आहे. कुठे आहे कुलूप?"

"जुन्या खड्ड्यात. तिसऱ्या भोकातून सोडलं सकाळी. एकटं कंटाळेल म्हणून कडीकोयंडाही बरोबर दिलाय. काढायचं असेल तर हात कोपरापर्यंत घालावा लागेल. नव्याण्णवपर्यंत पोचलं असेल तर खांद्यापर्यंत."

पहिल्यांदाच ते सेबे म्हणाले नाहीत. ती उणीव घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा मोठ्याने ऐकू आली. आणि त्याच वेळी खिडकीतून, अंगणापलीकडून, पाणी सुटल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग एकदम तीन-चार, आणि मुलींचं खिदळणं.

हेडमास्तर स्वस्थ बसले असतील असं समजू नका. त्यांनी त्याच दिवशी नवीन कुलुपाचा हुकूम काढला. पण सरकारी शाळेत कुलूप घ्यायचं तर तीन दुकानांची दरपत्रकं लागतात, आणि खरेदी समितीचा चिटणीस मी आहे. दोन दरपत्रकं आठवड्यात मिळवली. तिसरा दुकानदार दर वेळी कुणाच्या तरी अंत्यविधीला गेलेला असतो, आणि कुमासीत ही सबब खोटी आहे असं कुणी सिद्ध करू शकत नाही. आता जानेवारी चालू आहे. फोसुआ गणिताच्या तासाला दातांनी पाण्याची पिशवी फोडून घटाघट पिते, मग हात वर करते, आणि मी समीकरण अर्धं सोडून 'जा' म्हणतो.

परवा वोफांकडे गेलो होतो. अंगणाबाहेर चपला नव्हत्या. आता त्या आत असतात. मुसळाचा आवाज येत होता, आत जेवणासाठी फुफूचा गोळा कांडला जात होता. वोफांनी उजवा हात पुढे केला आणि माझा धरून ठेवला.

"नळावर गर्दी असते का?"

"रांग लागते, वोफा. भांडणं होतात."

"मग संकुल घाण होत असेल."

"भयंकर. परवा दोन भांडी तुंबली. आरशावर बोटं. मुली शनिवारी घासतात, पण..."

"कोपरे राहत असतील," ते समाधानाने म्हणाले. "तिसऱ्या खोलीचा उतार चुकलाय, तिथे पाणी साचतं. त्यांना सांगा, आधी काठीने सगळं पुढे ढकलायचं आणि मग..."

"अहो!" मुसळ थांबलं आणि आतून एनो पोकुआ ओरडली. "सेबे म्हणा आधी! मी फुफू कांडतेय!"